अलिबाग

रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व अरबी समुद्रालगतचे ऐतिहासिक शहर. पर्यटक येथे प्रामुख्याने किनाऱ्यासाठी येत असले, तरी आंग्रेकालीन वास्तू, बेने इस्राएल समाजाची वस्ती आणि भूचुंबकीय वेधशाळा यांमुळे शहराला वेगळे महत्त्व आहे. अली नावाच्या सधन गृहस्थाने विहिरी खोदून बागा लावल्या, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. मुंबईहून मांडव्यापर्यंत बोटीने व पुढे रस्त्याने येथे पोचता येते.

कुलाबा किल्ला : छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या जलदुर्गाचे काम सुरू केले, ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. ओहोटीला किल्ल्यात पायी जाता येते. मात्र परतण्याआधी भरती लागल्यास वाट बंद होते. तटाचे मोठे चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरून तिचा जोर ओसरतो. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आणि सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. मंदिरात गणपतीसह शंकर, विष्णू, सूर्य व देवी असे पंचायतन आहे.

आंग्रेकालीन शहर : सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात गाव भरभराटीस आले. त्यांनी १७२० मध्ये बांधलेला हिराकोट पुढे तुरुंग म्हणून वापरात आला. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी शहरातच आहे. १८४० मध्ये इंग्रजांनी आंग्र्यांचे संस्थान खालसा केले. किल्ल्यावरून पडलेले कुलाबा हे जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड झाले.

बेने इस्राएल : गलबत फुटून पूर्वज जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची परंपरा आहे. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवत असल्याने त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शहराच्या इस्राएल आळीत त्यांचे मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर आहे.

भूचुंबकीय वेधशाळा : मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळेजवळ विजेच्या ट्राम धावू लागल्यावर चुंबकीय नोंदींत व्यत्यय आला असता, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला असून बांधकामात लोखंड टाळले आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते.

स्थानिक उत्पादन : येथील पांढरा कांदा चवीला गोडसर असतो. पातीसकट वेणीसारख्या गुंफलेल्या त्याच्या माळा उन्हाळ्याच्या सुमारास रस्त्याकडेला टांगून विकतात. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.