आधी स्वतःचा श्वास

विमान सुटण्यापूर्वी एक सूचना ठरलेली असते. प्राणवायूचा मास्क खाली आला तर आधी स्वतःला लावा, मग शेजारच्या मुलाला. आपल्याकडच्या माणसाला ती जराशी खटकतेच. आई आधी लेकराला भरवते आणि मग स्वतः जेवते, हे पाहत आपण वाढलो. मग इथे उलटे का? रुग्णांना विमानातून नेणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांनाही हेच शिकवतात : रुग्णाकडे बघायचे तर आधी स्वतःचा श्वास सांभाळा. या नियमाचा इतिहास शोधत गेलो आणि थेट एकोणिसाव्या शतकातल्या बलूनपाशी पोचलो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. १८७०-७१ मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा दीडशेच्या वर जखमी सैनिकांना बलूनमधून बाहेर काढले, तीच जगातली पहिली हवाई रुग्णसेवा, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. त्याला पुरावा नाही. त्या बलूनमधून टपाल गेले, कबुतरे गेली, काही माणसे गेली. जखमींची वाहतूक झाल्याची नोंद नाही. पण त्या बलूनवाल्यांत गास्तों तिसांदिये नावाचा एक तरुण होता. त्याचे नाव लक्षात ठेवा.

त्याच्याही आधीची गोष्ट इंग्लंडची. ५ सप्टेंबर १८६२ रोजी जेम्स ग्लेशर हा हवामानशास्त्रज्ञ आणि हेन्री कॉक्सवेल हा बलूनवाला वुल्व्हरहॅम्प्टनहून वर गेले. सुमारे २९,००० फुटांवर ग्लेशरला उपकरणावरचे आकडे दिसेनात. हात टेबलावर पडला तो उचलेना, मान एका बाजूला कलली, शुद्ध गेली. झडपेची दोरी गुंतली होती म्हणून कॉक्सवेल वरच्या कड्यावर चढला, तर त्याचे हात थंडीने बधिर झाले. शेवटी त्याने दोरी दातांत धरून ओढली आणि बलून खाली येऊ लागला. ग्लेशर शुद्धीवर आला आणि पुन्हा पेन्सिल घेऊन नोंदी करू लागला!

वर गेल्यावर माणसाला असे का होते, याचे उत्तर पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दिले. हवेत प्राणवायूचे प्रमाण खाली असो वा वर, सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो दाब. १८,००० फुटांवर तो जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे प्राणवायू रक्तात पुरेसा शिरत नाही. बेरने लोखंडी कोठी करून तिच्यातली हवा विरळ केली. आधी प्राणी आत ठेवले, मग तो स्वतः बसला. डोके जड झाले की प्राणवायू हुंगायचा आणि ते पुन्हा हलके व्हायचे.

याच कोठीत जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल हेही बसले होते. प्राणवायूचा गुण त्यांनी अनुभवला होता. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ बलूनमधून हे दोघे आणि आपला तिसांदिये पॅरिसहून निघाले. बरोबर प्राणवायू मिसळलेल्या हवेच्या तीन पिशव्या होत्या. साठा थोडा, म्हणून गरज भासेल तेव्हाच वापरायचा असे ठरले. बेर त्या वेळी पॅरिसबाहेर होता. एवढा साठा पुरणार नाही असे त्याने पत्राने कळवले, पण ते पोचायला उशीर झाला.

पुढचे तिसांदियेने लिहून ठेवले आहे. वर जाताना त्याला त्रास झालाच नाही, उलट आतून आनंद वाटत होता. धोक्याची जाणीव उरली नव्हती. सुमारे ७,५०० मीटरवर त्याला नळी तोंडाशी धरावीशी वाटली, पण हात उचलेना. आठ हजार मीटर झाले हे ओरडून सांगायचे होते, पण जीभ हलेना. मग शुद्ध हरपली. मध्ये एकदा जाग आली तेव्हा बलून खाली येत होता. अर्धवट शुद्धीत क्रोसे-स्पिनेलीने वजन कमी करायला सामान बाहेर फेकले, एक जड उपकरणसुद्धा, आणि बलून पुन्हा वर गेला. तिसांदिये शेवटी शुद्धीवर आला तेव्हा दोघे सोबती मरून पडले होते. उंची गाठली होती सुमारे ८,६०० मीटर. तो वाचला, पण बहिरा झाला.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की प्राणवायू हाताशी होता. चूक ‘गरज भासेल तेव्हा’ या तीन शब्दांत होती. गरज ओळखायची ती मेंदूने, आणि प्राणवायू कमी पडल्यावर आधी बिघडतो तोच. वर्गात ‘समजले का?’ विचारले की सगळी मुले ‘हो’ म्हणायची. ज्याला समजलेले नसते त्याला पुष्कळदा तेच कळत नसते. इथेही तसेच, फक्त किंमत जिवाची.

आता प्रवासी विमानात दाब राखलेला असतो. आतली हवा सहसा ८,००० फुटांच्या उंचीपेक्षा विरळ होऊ देत नाहीत. पण ३५,००० फुटांवर तो दाब एकदम गेला तर शहाणपणाने काही करायला अर्धा ते एक मिनिटच मिळते. दाब हळूहळू कमी झाला तर ते कळतही नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून निघालेल्या हेलिओसच्या विमानात दाबाची कळ चुकीच्या जागी राहिली. इशारे वाजत होते, पण वैमानिकांना त्यांचा अर्थ उमगला नाही. १२१ जण गेले.

रुग्ण नेणाऱ्यांना शाळेतला बॉइलचा नियमही विसरता येत नाही. दाब घटला की वायू फुगतो. ८,००० फुटांवर साधारण एक तृतीयांशाने. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर तीही फुगून फुप्फुस दाबते, म्हणून ती निघण्यापूर्वी काढावी लागते. श्वासनलिकेतल्या नळीचा फुगा, हवा भरलेली खपाची, तुंबलेले आतडे, सर्दीने बंद झालेला कान, सगळ्यांना नियम एकच. जमिनीवर ठीक दिसणारा अशक्त रुग्ण वर गेल्यावर ढासळू शकतो. आणि त्याच्याकडे पाहणारीही तीच हवा घेत असते. म्हणून बोटाला लावायचे यंत्र, ठरलेल्या उंचीला प्राणवायू, एकमेकांच्या ओठा-नखांवर नजर. स्वतःच्या ‘मला बरे वाटते’ यावर भरवसा नाही.

पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल यांची एकच समाधी आहे. तिच्यावर दोघे हातात हात घालून शेजारी पहुडलेले दाखवले आहेत. ती सूचना पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा वर्तमानपत्र जरा बाजूला ठेवा, एवढेच सांगणे.