सार्वजनिक आरोग्यसेवांचे उत्तरदायित्व (भारत)

सार्वजनिक आरोग्यसेवांचे उत्तरदायित्व म्हणजे सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या आरोग्यसेवांची उपलब्धता, दर्जा आणि त्यांवरील खर्च यांविषयी नागरिकांना स्पष्टीकरण देण्याचे व आढळलेल्या त्रुटी दूर करण्याचे शासनावरील बंधन होय. भारतात हे बंधन एखाद्या एकाच कायद्यातून आलेले नाही. राज्यघटनेतील तरतुदी, न्यायालयीन निर्णय, लेखापरीक्षण, माहितीचा अधिकार आणि लोकाधारित देखरेख अशा अनेक मार्गांनी ते आकारास आले आहे. महाराष्ट्रात २००७ पासून राबवण्यात आलेली आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख व नियोजन प्रक्रिया हा या क्षेत्रातील एक महत्त्वाचा प्रयोग मानला जातो.

संकल्पना

उत्तरदायित्वाचे सामान्यतः तीन घटक मानले जातात. पहिला घटक मानकाचा आहे. कोणती सेवा, कोठे आणि कोणत्या दर्जाची मिळाली पाहिजे, हे आधी ठरलेले असावे लागते. दुसरा घटक उत्तर देण्याचा. सेवा का मिळाली नाही, हे सांगण्याची जबाबदारी निश्चित व्यक्तीवर अथवा पदावर असावी लागते. तिसरा घटक अंमलबजावणीचा. दिलेले उत्तर समाधानकारक नसल्यास भरपाई, कारवाई किंवा सुधारणा घडवून आणता आली पाहिजे. यांपैकी एकही घटक नसेल, तर उरलेल्या दोहोंचा परिणाम मर्यादित राहतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर या संकल्पनेला आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीच्या १९६६ च्या कराराचा आधार आहे. भारताने हा करार १९७९ मध्ये स्वीकारला. या कराराशी संबंधित समितीने २००० साली केलेल्या विवेचनात आरोग्यसेवा उपलब्ध, पोहोचण्याजोगी, स्वीकारार्ह आणि दर्जेदार असावी, असे चार निकष सांगितले आहेत.

घटनात्मक चौकट

भारतीय राज्यघटनेत आरोग्याचा स्वतंत्र मूलभूत हक्क नमूद केलेला नाही. अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे; परंतु हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांमध्ये येत असल्याने केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा व्यापक अर्थ लावून ही उणीव काही प्रमाणात भरून काढली आहे.

सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्य सूचीत आहेत, तर लोकसंख्या नियंत्रण व कुटुंब नियोजन हा विषय समवर्ती सूचीत आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आरोग्य केंद्रांसह आरोग्यविषयक कामे पंचायत राज संस्थांकडे सोपवता येण्याजोग्या विषयांत समाविष्ट आहेत. त्यामुळे धोरण व निधीचा मोठा भाग केंद्राकडून, मनुष्यबळ राज्याकडून आणि प्रत्यक्ष व्यवस्थापन स्थानिक संस्थेकडून, अशी जबाबदारीची विभागणी होते.

महाराष्ट्रात ही विभागणी ठळकपणे दिसते. ग्रामीण भागातील उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असून त्यांवर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचे नियंत्रण असते. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकामार्फत सार्वजनिक आरोग्य विभागाकडे येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर मुंबईतील केईएम, नायर व शीव ही रुग्णालये बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहेत. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत पाठवलेल्या रुग्णाच्या बाबतीत जबाबदारी निश्चित करणे यामुळे अवघड होते.

इतिहास

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, ही भूमिका मांडली होती. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना याच अहवालातून पुढे आली. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेच्या नियोजनात लोकसहभागाला स्थान दिले. भारताची राष्ट्रीय आरोग्य धोरणे १९८३, २००२ आणि २०१७ साली जाहीर झाली. सार्वजनिक आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या धोरणात होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार हा खर्च २०१३-१४ मधील १.१५ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये १.८४ टक्क्यांवर पोहोचला. याच काळात एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला.

जन स्वास्थ्य अभियान या आघाडीने आरोग्यसेवा नाकारल्याच्या घटनांची नोंद करण्यास सुरुवात केली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या आघाडीच्या सहकार्याने २००४ मध्ये विभागीय व राष्ट्रीय पातळीवर जनसुनवाया घेतल्या. एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या आराखड्यात अंतर्गत देखरेख आणि ठरावीक कालावधीने होणारी सर्वेक्षणे यांच्या जोडीला लोकाधारित देखरेखीचा समावेश करण्यात आला.

मानके

सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर आदिवासी व डोंगराळ भागात अनुक्रमे ३,००० व २०,००० लोकसंख्येमागे एक, असा निकष आहे. या संस्थांमधील मनुष्यबळ, औषधे, उपकरणे आणि सेवा यांविषयीची भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ मध्ये लागू झाली. २०१२ व २०२२ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. ही मानके मार्गदर्शक स्वरूपाची आहेत. एखाद्या केंद्रात मानकाप्रमाणे सेवा मिळाली नाही, एवढ्यावरून रुग्णाला कायदेशीर हक्क आपोआप प्राप्त होत नाही.

काही योजनांत हक्काची भाषा अधिक स्पष्ट आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय संस्थेत सिझेरियनसह सर्व प्रसूती, औषधे, तपासण्या, आहार व वाहतूक विनामूल्य आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले.

उत्तरदायित्वाचे मार्ग

विधिमंडळ व लेखापरीक्षण

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार संसदेसमोर व राज्य विधिमंडळांसमोर मांडले जातात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. कार्यक्षमता लेखापरीक्षणांत रिक्त पदे, अखर्चित निधी, औषधखरेदीतील विलंब आणि वापराविना पडून असलेली उपकरणे यांच्या नोंदी वारंवार आढळतात. हे परीक्षण घटनेनंतर होत असल्याने आणि समितीच्या शिफारशी बंधनकारक नसल्याने त्याचा परिणाम बहुतांशी विलंबाने दिसतो.

न्यायालये

रतलाम नगरपरिषद प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने निधीच्या अभावाचे कारण देऊन स्वच्छतेचे वैधानिक कर्तव्य टाळता येणार नाही, असे ठरवले. परमानंद कटारा प्रकरणात (१९८९) जखमी व्यक्तीवर कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचा निर्णय झाला.

पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणाचा (१९९६) निर्णय या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. जुलै १९९२ मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर दुखापत झालेल्या एका व्यक्तीला प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कोलकात्यातील मोठ्या शासकीय रुग्णालयांपर्यंत अनेक ठिकाणी नेण्यात आले. मात्र खाट किंवा आवश्यक सुविधा नसल्याच्या कारणास्तव कोठेही दाखल करून घेण्यात आले नाही. अखेर खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. शासकीय रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग असल्याचे सांगून न्यायालयाने २५,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. खाटांच्या उपलब्धतेची माहिती देणारी मध्यवर्ती संपर्क व्यवस्था उभारणे, रुग्णवाहिकांची सोय करणे आणि आर्थिक अडचणीची सबब न सांगता सुविधा वाढवणे, अशा सूचनाही न्यायालयाने केल्या.

देविका बिस्वास प्रकरणात (२०१६) निर्बीजीकरण शस्त्रक्रियांच्या शिबिरांतील निष्काळजीपणाचा प्रश्न होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरांनंतर झालेल्या १३ महिलांच्या मृत्यूंचाही त्यात विचार झाला. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेने पावले उचलण्याचे निर्देश न्यायालयाने दिले.

ग्राहक कायद्याचा मार्ग मात्र बहुतेक शासकीय रुग्णांना उपलब्ध नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता प्रकरणातील (१९९५) निर्णयानुसार सर्वांना पूर्णपणे मोफत दिली जाणारी सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही. परिणामी, दिवाणी दावा, रिट याचिका किंवा जनहित याचिका हे अधिक खर्चिक व वेळखाऊ पर्याय शिल्लक राहतात.

माहिती व सेवा हक्क कायदे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार सामान्यतः ३० दिवसांत, तर जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देणे बंधनकारक आहे. औषधसाठा, रिक्त पदे आणि रुग्ण कल्याण समितीचा खर्च यांविषयीची माहिती मिळवण्यासाठी या कायद्याचा उपयोग होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत न दिल्यास अपील करता येते व अधिकाऱ्यास दंड होऊ शकतो. तथापि हा कायदा अधिसूचित सेवांपुरताच लागू आहे.

आरोग्यहक्काचे कायदे

आसामने २०१० मध्ये सार्वजनिक आरोग्य अधिनियम केला. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्याचा अधिकार अधिनियम संमत केला. त्यात आगाऊ रक्कम न घेता आपत्कालीन उपचार देण्याची आणि तक्रार निवारणासाठी जिल्हा व राज्य प्राधिकरणांची तरतूद आहे. आपत्कालीन उपचारांच्या तरतुदीस खासगी डॉक्टरांनी तीव्र विरोध केला होता.

महाराष्ट्रातील लोकाधारित देखरेख

केंद्र शासनाने २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा पथदर्शी टप्पा सुरू केला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे व ठाणे हे जिल्हे निवडण्यात आले. पुण्यातील ‘साथी’ या संस्थेकडे राज्य पातळीवरील समन्वय होता. पुढे ही प्रक्रिया आणखी जिल्ह्यांत विस्तारली.

गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा व राज्य अशा पाच स्तरांवर समित्या असतात. त्यांत लोकप्रतिनिधी, आरोग्य अधिकारी, सामाजिक संस्था आणि ग्रामस्थ यांचा समावेश असतो. गावपातळीवरील समिती लसीकरण, आरोग्यसेविकेच्या भेटी, प्रसूतीपूर्व तपासणी, औषधांची उपलब्धता, रुग्णांकडून घेतले जाणारे अवैध पैसे आदी बाबींची प्रश्नावलीच्या आधारे माहिती गोळा करते. या माहितीवरून हिरवा (चांगली), पिवळा (मध्यम) व लाल (वाईट) अशा रंगांत प्रगतिपत्रक तयार होते. अक्षरओळख नसलेल्या ग्रामस्थांनाही ते समजते.

प्रगतिपत्रकातील निष्कर्ष व व्यक्तिगत तक्रारी जनसुनवाईत मांडल्या जातात. तेथे उपस्थित अधिकाऱ्यांनी लोकांसमोर उत्तर देणे अपेक्षित असते. बाहेरून औषधे आणण्यास सांगणे, वैद्यकीय अधिकारी मुख्यालयी न राहणे, शासकीय डॉक्टरांचा खासगी व्यवसाय आणि बंद पडलेली उपकेंद्रे हे या सुनवायांतील नेहमीचे विषय होत. अनेक प्रश्न स्थानिक पातळीवरच सुटतात. रिक्त पदे भरणे वा औषधपुरवठा यांसारखे प्रश्न मात्र तालुक्याच्या अधिकारात नसल्याने वरच्या स्तरावर जातात व तेथे प्रलंबित राहतात. या मर्यादेमुळे देखरेखीला नियोजनाची जोड देऊन रुग्ण कल्याण समितीचा निधी स्थानिक गरजांनुसार खर्च करण्यावर भर देण्यात आला.

मृत्यूंची नोंद व चौकशी

सेवेतील त्रुटी ओळखण्यासाठी मृत्यूंची विश्वासार्ह नोंद आवश्यक असते. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने अन्य संस्थांसह २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील अनेक बालमृत्यू शासकीय नोंदींत येत नसल्याचे दाखवले. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मातामृत्यूच्या प्रत्येक घटनेचे अन्वेषण करण्याविषयीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१० मध्ये निघाल्या.

जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा परीक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. औषधे व मनुष्यबळ अपुरे असल्याचा आरोप झाला, तर रुग्ण गंभीर अवस्थेत दाखल झाल्याचे प्रशासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेऊन रिक्त पदे व औषधखरेदी यांबाबत शासनाकडे विचारणा केली. हाफकिन महामंडळाकडे असलेली औषधखरेदी स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपवण्याचा कायदा राज्याने त्याच वर्षी केला होता.

मर्यादा व टीका

चौकशीअंती निलंबनासारखी कारवाई बहुधा कनिष्ठ कर्मचाऱ्यांवर होते आणि पदभरती, निधी व खरेदी यांचे निर्णय घेणारे स्तर जबाबदारीतून सुटतात, अशी टीका केली जाते. अपुऱ्या साधनांनिशी काम करणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना लोकांच्या रोषास सामोरे जावे लागते, असे वैद्यकीय संघटनांचे म्हणणे आहे. लोकाधारित देखरेखीचा निधी ज्या शासनाकडून येतो त्याच्याच कामावर ही प्रक्रिया प्रश्न उपस्थित करते. त्यामुळे तिचे स्वातंत्र्य व सातत्य हा वादाचा विषय राहिला आहे. विमा योजनांद्वारे खासगी रुग्णालयांतही सार्वजनिक निधी खर्च होऊ लागल्याने, त्या रुग्णालयांच्या उत्तरदायित्वाचा प्रश्नही या चर्चेत समाविष्ट झाला आहे.