बंदुकीचा हक्क : एका अनुबोधपटाच्या निमित्ताने

अमेरिकेतील बंदुकीचा वाद आपल्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा एखाद्या हत्याकांडाची वार्ता होऊन. त्या वादाची आतली बाजू आम्हांस प्रथम सविस्तर दिसली ती मायकेल मूर यांच्या 'बोलिंग फॉर कोलंबाइन' या २००२ सालच्या अनुबोधपटात. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोमधील कोलंबाइन विद्यालयात दोन विद्यार्थ्यांनी १२ सहाध्यायी व एक शिक्षक यांना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःचा अंत करून घेतला. चित्रपट त्या घटनेभोवती फिरतो. आरंभीच एका बँकेत खाते उघडल्याबद्दल मूर यांच्या हाती बंदूक ठेवली जाते. आपल्याकडे एके काळी खाते उघडावयाचे तर जुन्या खातेदाराची ओळख आणावी लागे. तेथे ही भेट!

मूर हे बंदुकीचे जन्मजात वैरी नव्हेत. बंदूकवाल्यांच्या नॅशनल रायफल असोसिएशनचे ते स्वतः सभासद. म्हणूनच त्यांचा प्रश्न वजनदार ठरतो : शेजारच्या कॅनडातही घरोघर शिकारीच्या बंदुका आहेत, मग तेथे खून इतके कमी का? त्यांचे उत्तर असे की, वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांनी अमेरिकन माणसास अहोरात्र भयाखाली ठेवले आहे. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते, पण उथळ वाटत नाही.

रुचले नाही ते निराळेच. 'टेन कमांडमेंट्स' व 'बेन-हर' यांमुळे आपल्या परिचयाचे झालेले चार्ल्टन हेस्टन त्या वेळी या संस्थेचे अध्यक्ष होते. कोलंबाइनच्या आक्रोशानंतर लगेच हेस्टन हातातील बंदूक उंचावून गर्जना करताना दिसतात, आणि पाठोपाठ डेन्व्हरची सभा येते. प्रेक्षकास वाटते की शोकाकुल लोकांपुढेच ही गर्जना झाली. वस्तुतः डेन्व्हरची सभा १ मे १९९९ची, आणि बंदूक उंचावली ती वर्षभरानंतर, दूरच्या शार्लट शहरी. ज्याची बाजू इतकी बळकट, त्याला अशी कात्री चालविण्याचे कारण काय होते? प्रतिपक्षाने पुढे नेमके याच जोडकामावर बोट ठेवले आणि मूळ प्रश्न बाजूस राहिला.

आणखी एक उणीव परक्यासच जाणवावी अशी आहे. शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेत १७९१ साली आला तो राजाच्या फौजेशी झालेल्या लढ्याची आठवण ताजी असताना. चित्रपट अमेरिकेचा इतिहास व्यंगचित्रांतून हसत हसत उरकतो. आम्हांस मात्र ती आठवण परकी नाही. लॉर्ड लिटन यांच्या १८७८च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगण्याची बंदी केली आणि गोऱ्यास त्यातून सूट दिली. लोकांस सलला तो हत्याराचा अभाव नव्हे, तर त्यातील अविश्वास. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केले आणि १९३१ साली कराचीस नागरिकाचा शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून का होईना, मान्य केला.

राजसत्ता तीच आणि गाऱ्हाणेही पुष्कळसे तेच. पण १९४८च्या डिसेंबरात हरि विष्णु कामत यांनी घटनासमितीत हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा देश फाळणीच्या रक्तपातातून नुकताच बाहेर पडत होता आणि त्याच वर्षी ३० जानेवारीस गांधीजी पिस्तुलाच्या गोळ्यांस बळी पडले होते. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीस विरोध केला. आग्रह धरावयाचाच तर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. लिटनसाहेबांच्या कायद्याची जागा पुढे १९५९च्या कायद्याने घेतली. त्यातून गोऱ्याकाळ्याचा भेद गेला, परवाना मात्र राहिला.