कागदावरची चोरी : ‘सावकारी पाश’ आणि त्यामागचा इतिहास

पौराणिक आणि ऐतिहासिक कथांचा जोर असलेल्या मूकपटांच्या काळात, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सावकारी पाश’ हा चित्रपट काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात ना देव होते ना मावळे. होता तो सावकाराने जमीन गिळल्यामुळे गाव सोडून शहरातल्या गिरणीत मजुरीला लागलेला तरुण शेतकरी, आणि त्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

सावकाराच्या जमीन गिळण्याच्या या चोरीत भिंत फोडावी लागत नसे, कारण तिचे हत्यार कर्जरोखा, म्हणजे कर्जाची रक्कम, व्याज आणि मुदत नोंदवणारा दस्त, हेच होते. कर्ज देतानाच ‘मनोती’ या नावाने काही रक्कम कापून घेतली जाई, तरी दस्तात आकडा पूर्ण पडे. धान्य उसने घेतल्यास सव्वापट किंवा दीडपट परतफेडीची ‘सवाई-दिढी’ चाले. आणि निरक्षर कुणबी सहीच्या जागी नांगराची आकृती काढून, स्वतःला वाचता न येणाऱ्या मजकुराला बांधला जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो आजूबाजूला पसरला, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांचे रोखे हस्तगत करून जाळण्यावर होता, यामागचे कारण हेच. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला दस्ताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.

तथापि हा कायदा ब्रिटिश मुलखातला होता. उदाहरणार्थ, आज मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात असलेले साखरा हे गाव त्या काळी निजामाच्या राज्यात मोडत असल्याने, तेथील कुळाला, म्हणजे कर्जदाराला, या संरक्षणाचा आधार नव्हता. 

चित्रपटाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. कागदावरचा अन्याय दिसत नाही, त्याची परिणती मात्र दिसते, हे पेंटर यांनी ओळखले होते. अंधूक उजेडातली झोपडी आणि रडणारे कुत्रे एवढ्यावर उभे राहिलेले त्यांचे दृश्य पुढे अनेकांच्या स्मरणात राहिले. गावाच्या व्यवहारात देणे थकलेल्या कुळानेच मान खाली घालावी आणि सावकाराची पत अबाधित राहावी, असा रिवाज होता. पडद्यावर मात्र अपराधाचा भार सावकाराच्या खात्यावर मांडला गेला, आणि तो जमाखर्च समजण्यासाठी प्रेक्षकाला रोखा वाचता येण्याची गरज उरली नाही.