भंगाराचा नाद : ‘इंडस्ट्रियल’ संगीत आणि बंद पडणारे कारखाने

मंडळी, आजही दर आठवड्याला ‘इंडस्ट्रियल’ अशी चिठ्ठी लावलेली नवी ध्वनिमुद्रणं बाजारात येत असतात. बाजार म्हणजे फार मोठा नाही. कुणी पन्नास कॅसेटी काढतो, कुणी शंभर, कुणी नुसती इंटरनेटवर फाइल ठेवतो आणि म्हणतो, वाटेल ते द्या. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा गंजलेली यंत्रं, धुराडी, ओस पडलेल्या शेडी. आत ठोके, खरखर, लांबलचक घरघर. ह्यातलं पुष्कळ मी ऐकतो, आणि त्यातलं थोडं मला आवडतंही. (हशा) पण ऐकताना एक प्रश्न सुटत नाही. ह्या संगीताच्या नावात कारखाना आहे, मुखपृष्ठावर कारखाना आहे, आवाजात कारखाना आहे. मग कारखान्यात काम करणारा माणूस कुठे आहे?

आज मी ह्या एकाच प्रश्नामागून जाणार आहे. त्यामुळे बरीच मोठी नावं राहतील. ज्यांची आवडती नावं राहतील त्यांनी नंतर चहाच्या वेळी मला गाठावं.

सुरुवात थोडी मागून करू. १९१३ साली लुइजी रुसोलो ह्या इटालियन चित्रकारानं ‘गोंगाटाची कला’ नावाचा जाहीरनामा लिहिला. त्याचं म्हणणं असं, की यंत्रयुगात माणसाचा कान बदलला आहे, जुन्या वाद्यांनी त्याचं पोट भरत नाही. त्यानं गोंगाट करणारी यंत्रं बांधली, लाकडी खोकी आणि पुढे कर्णे. १९१४ साली मिलानमध्ये त्यांचा कार्यक्रम केला तर प्रेक्षागृहात मारामारी झाली. हे सगळीकडे सांगितलं जातं, म्हणून मी तिथे थांबत नाही. रुसोलोसाठी यंत्राचा आवाज ही एक चैन होती, दुरून ऐकण्याची.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती बाकूमधली घटना. तारीख ७ नोव्हेंबर १९२२, रशियन क्रांतीचा पाचवा वाढदिवस. आर्सेनी आव्रामोव्ह नावाच्या संगीतकारानं कास्पियन समुद्राकाठच्या ह्या तेलाच्या शहरात अख्ख्या शहराचंच वाद्य केलं. गिरण्या-कारखान्यांचे भोंगे, बंदरातल्या जहाजांचे भोंगे, रेल्वे इंजिनांच्या शिट्ट्या, तोफा, आणि जोडीला हजारो माणसांचा गाणारा जमाव. वाफेच्या शिट्ट्या सुरांत लावून त्यांवर ‘इंटरनॅशनल’ची धून वाजवली गेली. उंचावर उभं राहून झेंड्यांच्या खुणांनी हे सगळं चालवलं, असं सांगतात. त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण नाही. आज जे ऐकायला मिळतं ते नंतरच्या लोकांनी पुन्हा रचलेलं आहे.

आता बघा, भोंगा म्हणजे काय? परळ-लालबागच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे सांगायची गरज नाही. भोंगा म्हणजे उठ, डबा घे, पाळीवर पोच. भोंगा मालकाचा असतो. आव्रामोव्हनं एका दिवसापुरता तो मालकाच्या हातातून काढून गाण्याला लावला. पुढे त्या क्रांतीचं काय झालं हा वेगळा विषय आहे, आणि कारखाने कामगारांचे झाले असं मी मुळीच म्हणत नाही. पण हा आवाज कुणाचा, हा प्रश्न तिथे निदान विचारला गेला.

ह्यानंतर मी पन्नास वर्षांची उडी मारतो आणि लंडनला येतो. कारण ‘इंडस्ट्रियल’ हे नाव तिथे पडलं.

जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर क्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर ही चार माणसं. १९७५ मध्ये त्यांनी ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ हा गट केला आणि १९७६ मध्ये स्वतःची कंपनी काढली, ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’. त्यांची जागा पूर्व लंडनमध्ये हॅकनी भागात, एका जुन्या कारखान्याच्या तळघरात होती. तिला ते ‘डेथ फॅक्टरी’ म्हणत. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या आयसीए ह्या कलासंस्थेत त्यांचं प्रदर्शन झालं आणि त्यावरून संसदेपर्यंत आरडाओरडा पोचला. मोंटे कझाझा ह्या त्यांच्या अमेरिकन मित्रानं कंपनीला घोषवाक्य दिलं. त्याचा भावार्थ असा, की हे औद्योगिक लोकांसाठी औद्योगिक संगीत आहे.

ह्यात थट्टा होती, ती नीट समजून घ्या. त्यांचं म्हणणं, रेकॉर्ड कंपन्या कलेच्या गप्पा मारतात, पण असतात कारखानेच. मग आपण उघडपणे कारखाना होऊ. १९७७ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीचं नावच मुळी ‘दुसरा वार्षिक अहवाल’. पांढरं कोरं वेष्टन, त्यावर चिकटवलेला कागद, एखाद्या कंपनीनं भागधारकांना पाठवावा तसा. पहिल्या खेपेला ७८५ प्रती. ख्रिस कार्टर स्वतः उपकरणं जोडून बांधायचा, गिटारचा आवाज करवतीसारखा करणारी त्याची एक पेटी आजही लोक नकलून बनवतात. १९८० मध्ये त्यांनी आपल्या कार्यक्रमांच्या दोन डझन कॅसेटी एका छोट्या बॅगेत घालून विकायला काढल्या. टपालानं मागवा, टपालानं मिळतील.

ही टपालाची गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. आज एखादा मुलगा घरी बसून पन्नास कॅसेटी काढतो, तो धंदा करण्याचा मार्ग इथे घडला. तबकडी दाबून घ्यायला पैसा लागतो, कारखाना लागतो, किमान इतक्या प्रती काढा अशी अट असते. कॅसेटला दोन टेपरेकॉर्डर आणि एक संध्याकाळ पुरते. मागणी आली तेवढ्या प्रती काढायच्या, वेष्टन झेरॉक्सवर करायचं, पाकिटावर तिकीट लावायचं. दुकानदार नाही, दलाल नाही. आपल्याकडे १९८० च्या दशकात भीमगीतांच्या कॅसेटी जत्रेत आणि स्टँडबाहेर विकल्या जात होत्या, त्यांचं अर्थकारण पुष्कळसं असंच होतं, आणि पसारा ह्यांच्या कितीतरी पट मोठा होता. असो.

पण थ्रॉबिंग ग्रिसलच्या त्या कारखान्यात कामगार कुठे आहे? मला सापडत नाही. कंपनीचं बोधचिन्ह म्हणून त्यांनी एक कारखान्यासारखं चित्र वापरलं, ते खरं म्हणजे ऑशविट्झच्या स्मशानभट्टीचं छायाचित्र होतं. त्यांची बाजू अशी, की आधुनिक उद्योगाची शेवटची पायरी तीच आहे, लोकांनी बघावं. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. जिथे माणसं मारली त्या जागेचं चित्र तुम्ही विकायच्या मालावर छापता, तेव्हा धक्का ऐकणाऱ्याला बसतो आणि नाव तुमचं होतं. ज्यांना मारलं त्यांना ह्यात बोलायला जागा नाही. त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी गटांनी एवढंच उचललं, भयंकर चित्र आणि वर गोंगाट. हा रोग अजून गेलेला नाही.

शेफिल्डमध्ये चित्र थोडं निराळं होतं. ते पोलादाचं शहर. तिथे १९७३ पासून ‘कॅबरे व्होल्तेर’ नावाचा तिघांचा गट पोटमाळ्यावर टेपरेकॉर्डरशी खेळत होता. घणाचे ठोके ही त्या शहरातली रोजची गोष्ट होती, त्यांना ते शोधायला जावं लागलं नाही. १९८० च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोलाद कामगारांचा सुमारे तीन महिन्यांचा संप झाला आणि त्या दशकात शेफिल्डच्या भट्ट्या एकामागून एक थंड पडल्या. त्यांच्यातला ख्रिस वॉटसन पुढे बीबीसीसाठी पक्षी-प्राण्यांचे आवाज टिपणारा नामवंत ध्वनिमुद्रक झाला. मला ते अगदी साहजिक वाटतं, माईक धरून गप्प बसायची सवय तीच.

पश्चिम बर्लिनमध्ये १ एप्रिल १९८० ला ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ सुरू झालं. नावाचा अर्थ, कोसळणाऱ्या नव्या इमारती. त्यांच्यातल्या आंद्रू उनरुहकडे ड्रम होते, पैशाच्या अडचणीत ते विकावे लागले. मग तो बांधकामाच्या जागांवरून आणि भंगारातून लोखंड, पत्रे, स्प्रिंगा आणून त्यावर वाजवू लागला. ह्या संगीताच्या इतिहासातली ही मला सगळ्यात आवडती गोष्ट, कारण इथे सिद्धांत नाही, कडकी आहे. त्याच वर्षी त्यांनी महामार्गाच्या पुलाच्या पोकळीत शिरून ठोकाठोक केली आणि त्याची कॅसेट काढली. ३ जानेवारी १९८४ ला त्यांच्यातल्या काहींनी लंडनच्या त्याच आयसीएमध्ये ड्रिल, करवती आणि काँक्रीट मिक्सर घेऊन कार्यक्रम केला. ते रंगमंचच फोडायला लागले, तेव्हा वीसेक मिनिटांत कार्यक्रम बंद पाडला गेला. वर्तमानपत्रांना मोठी बातमी मिळाली.

त्या बातमीनंतर दोन महिन्यांनी ब्रिटनमध्ये खरोखरचं ड्रिल चालवणारी माणसं संपावर गेली. आता मी मुख्य गोष्टीकडे येतो.

मार्च १९८४. राष्ट्रीय कोळसा मंडळानं २० खाणी बंद करायचं जाहीर केलं, म्हणजे सुमारे २०,००० नोकऱ्या. मार्गारेट थॅचर पंतप्रधान, आर्थर स्कारगिल खाणकामगारांच्या युनियनचे अध्यक्ष. संप जवळजवळ वर्षभर चालला, ३ मार्च १९८५ पर्यंत. ज्यांची घरं फक्त पगारावर चालतात त्यांच्यासाठी वर्ष म्हणजे काय, हे ह्या शहरात समजावून सांगायला नको. आपल्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. ह्या दोन संपांचा एकमेकांशी थेट संबंध मी जोडत नाही. पण दोन्हीकडे काळ तोच होता, आणि नंतर जागांचं काय झालं हेही तुम्ही पाहिलं आहे.

दक्षिण लंडनच्या न्यू क्रॉस भागात १९८१ पासून ‘टेस्ट डिपार्टमेंट’ नावाचा तरुण पोरांचा गट होता. थेम्सवरच्या गोद्या तेव्हा बंद पडत आल्या होत्या, रॉयल डॉक्सही त्याच वर्षी बंद झाल्या. पोरांनी त्या पडीक जागांमधून लोखंड उचललं. पिंपं, स्प्रिंगा, टाक्या, पत्रे. त्यांचा ताल नॉयबाउटेनसारखा विस्कटलेला नव्हता. पाच-सहा जण एका ठेक्यात, अंगमेहनतीनं, घाम गळेपर्यंत वाजवत. पाहणाऱ्याला वाटावं, पाळी चालू आहे.

संप झाला आणि ह्यांच्यासमोर पेच आला. कामगारासारखे दिसता, कामगारासारखे राबता, आता खरा कामगार रस्त्यावर आहे, तुम्ही काय करणार? त्यांनी दक्षिण वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदाशी हात मिळवला. वेल्समध्ये पुरुषांच्या समूहगायनाची मोठी परंपरा आहे, प्रार्थनागृहातून आलेली, चार आवाजांत बांधलेली, गंभीर. एका बाजूला हे गाणारे बाप्ये आणि दुसऱ्या बाजूला लंडनची लोखंड बडवणारी पोरं. त्यांनी एकत्र कार्यक्रम केले, संपाच्या मदतीसाठी पैसा उभा केला, आणि १९८५ मध्ये दोघांची मिळून एक तबकडी निघाली, ‘शोल्डर टू शोल्डर’. खांद्याला खांदा.

ही तबकडी ऐकायला सोपी नाही आणि एकजिनसीही नाही. गायकवृंदाची गाणी आणि टेस्ट डिपार्टमेंटच्या रचना शेजारी-शेजारी आहेत. सांधा दिसतो. काही समीक्षक ह्याला दोष मानतील. मला तो सांधा दिसतो हेच बरं वाटतं, कारण कुणी कुणाचा आवाज गिळलेला नाही. खाणकामगाराला ‘नमुना’ म्हणून यंत्रात घालून त्याचे तुकडे वाजवलेले नाहीत. तो उभा राहून पूर्ण गाणं गातो, त्याला येतं ते, त्याच्या पद्धतीनं.

‘पण तुम्ही ज्यांच्या बाजूनं उभे राहिलात ते तर हरले’, असं मला एकदा एका विद्यार्थ्यानं म्हटलं होतं. हो, हरले. बँड वाजवत, झेंडे घेऊन कामावर परत गेले आणि मग खाणी बंद झाल्या. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, यॉर्कशरमधली केलिंगली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. पण तबकडीचा हिशोब संपाच्या निकालावर लावायचा नसतो. ती निघाली तेव्हा तिचा पैसा कुठे गेला, तिच्यावर कुणाचा आवाज आहे, हे बघायचं.

नंतरचं थोडक्यात सांगतो. १९८० च्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात ‘इंडस्ट्रियल’ शिकागोमार्गे अमेरिकन रॉकमध्ये गेलं, गिटार आली, स्टेडियम भरली. वाईट झालं असं नाही, पण आपल्या प्रश्नासाठी तिथे फारसं काही नाही. टेस्ट डिपार्टमेंट मात्र २०१४ मध्ये, संपाला तीस वर्षं झाली तेव्हा, गेट्सहेडजवळ डन्स्टन स्टेथ्सला पुन्हा उभं राहिलं. टाइन नदीत घुसलेला हा लाकडाचा प्रचंड धक्का १८९३ चा, जहाजात कोळसा भरण्यासाठी बांधलेला. तिथे त्यांनी संपाच्या काळातली चित्रं आणि ध्वनी लावले. २०१९ मध्ये त्यांची नवी ध्वनिमुद्रिकाही आली.

त्यामुळे ह्या आठवड्यात ‘इंडस्ट्रियल’ म्हणून काही नवं आलं आणि तुम्ही ते विकत घेतलंत, तर मुखपृष्ठावरची शेड कुठली आहे ते जरूर शोधा. किती जण काम करत होते, कधी बंद झाली, आता तिथे काय आहे. बहुतेक वेळा काढणाऱ्यालाही ते माहीत नसतं, छायाचित्र आवडलं म्हणून घेतलेलं असतं. एखाद्याला माहीत असलं तर त्याची कॅसेट पुन्हा एकदा ऐकून बघा.

आता बोलणं पुरे. ‘शोल्डर टू शोल्डर’मधले दोन तुकडे लावतो, आधी गायकवृंदाचा आणि लगेच त्यामागून लोखंडाचा. आवाज जरा मोठा ठेवतोय. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी हवं तर मागे सरकून बसावं.