कृश देहाचें गणित

वर्ध्याजवळील सेवाग्रामची कुटी पाहतांना गांधीजींची कृश मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहतेच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१९ सालीं त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सत्तरीच्या सुमारास, म्हणजे सेवाग्रामच्या वास्तव्यांत, त्यांचें वजन ४६.७ किलो व उंची ५ फूट ५ इंच होती. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागल्यास १७.१ हा अंक येतो, तो १८.५ च्या खालीं, म्हणून आजचें कोष्टक त्यांस कमी वजनाचे ठरवितें. परंतु त्याच नोंदींत १९४० सालचा २२०/११० हा रक्तदाबही आहे! एका अंकावरून सारी प्रकृति कळत नाहीं, हें आम्हांस येथेंच पटलें.

हा भागाकार मुळांत वैद्याचा नव्हेच. बेल्जमचे ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले ‘सरासरी मनुष्या’च्या शोधांत होते. प्रौढांचें वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, असें त्यांनीं १८३० नंतरच्या दशकांत मांडलें. १९७२ सालीं अमेरिकेंतील अँसेल कीज यांनीं पांच देशांतील सुमारें ७,४०० पुरुषांच्या मापांवरून या गुणोत्तरास ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें. त्या पांचांत भारत नव्हता, स्त्रियाही नव्हत्या.

वजनांत मेद किती व स्नायु किती, हें कांटा सांगत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं हें स्वतःच्याच देहांवरून दाखविलें. दोघांचा अंक एकच, २२.३, परंतु मेद युडकिन यांच्या शरीरांत ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! दोन व्यक्तींवरून दोन समाजांचा निवाडा अर्थात् करूं नये. पण पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांतही हेंच आढळलें होतें. इंग्लंडांतील बालकें सरासरी ३.५ किलोंचीं, हीं २.७ किलोंचीं, स्नायु रोड, परंतु कातडीखालील मेद त्या मानानें राखलेला.

त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियाई लोकांसाठीं २५ व ३० यांखेरीज २३ व २७.५ याही पातळ्या सुचविल्या. मात्र सर्व आशियाई समाजांस एकच मर्यादा लागू पडत नाहीं, हेंही त्यांनीं नमूद केलें.

हातापायांच्या काड्या, पण पोट सुटलेलें, असा गृहस्थ आमच्या घरांत ‘अंगानें बेताचा’ म्हणून निश्चिंत असतो. मधुमेह त्याची ही समजूत मानीत नाहीं. म्हणून अंक जरूर काढावा. पण कमरेस फीतही लावावी, आणि पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपुढें ती गेली, तर अंक कांहींही सांगो, रक्त तपासून घ्यावें, असें आम्ही सुचवितों.