खांदेरीचा समुद्र आणि युद्धखेळांतला तोल



अलिबागेच्या उत्तरेस थळ नांवाचें गांव आहे. तेथील किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिलें म्हणजे दोन बेटें दृष्टीस पडतात. जवळचें उंदेरी आणि त्यापलीकडचें खांदेरी. ज्या जिल्ह्यास १९८१ सालापर्यंत कुलाबा म्हणत आणि आज रायगड म्हणतात, त्याच्या किनाऱ्यावर लढाया पुष्कळ झाल्या. परंतु या बेटांभोंवतीं १६७९ सालीं जी झाली, तिचा विचार आज मी एका निराळ्याच निमित्तानें करणार आहें. निमित्त आहे संगणकावरील युद्धखेळांचें.

हे खेळ आळीपाळीनें चालतात. एकानें आपल्या सैन्याची चाल करावी, मग दुसऱ्यानें. बुद्धिबळाचाच हा वंशविस्तार म्हणाना! फरक इतकाच कीं, बुद्धिबळांत दोन्ही बाजूंचे मोहरे सारखे असतात, त्यामुळें तोल आपोआप राखला जातो. या नव्या खेळांत एकाकडे होड्या, तर दुसऱ्याकडे तोफांचें जहाज असूं शकतें. खेळ रचणाऱ्यापुढें मग प्रश्न उभा राहतो: कोणत्या मोहऱ्यास किती बळ द्यावें? एखादा मोहरा आपल्या किंमतीच्या मानानें फारच बलिष्ठ ठरला, तर सारे खेळाडू तोच घेतात. बाकीच्यांस कोणी विचारीत नाहीं, आणि खेळांतली बुद्धि संपते. म्हणून रचनाकार मुलांच्या दगड-कागद-कात्रीचा मार्ग धरतो. भालाईत घोडेस्वारास अडवितो, घोडेस्वार तिरंदाजास तुडवितो, तिरंदाज भालाइतास दुरून टिपतो. त्यावर किंमत, वेग आणि भूमि यांचे हिशेब चढतात.

दैवाचा भाग किती ठेवावा, हाहि एक नाजूक प्रश्न आहे. प्रशियाच्या लष्करांत राइसविट्झ यानें १८२४ सालीं आपला युद्धखेळ मांडला, तेव्हां त्यानें त्यांत फांसे घेतले. कारण रणांगणावर दैवास स्थान असतें. पुढें १९९१ सालीं सिड मायर याचा ‘सिव्हिलायझेशन’ नांवाचा खेळ निघाला. त्यांत प्रत्येक झुंजीचा निकाल बळाच्या प्रमाणांत, पण एकाच फटक्यांत लागे. एकाचें बळ तीन आणि दुसऱ्याचें एक असेल, तर अशा रीतीनें चार झुंजींपैकीं सरासरी एक झुंज दुबळा जिंकणार. त्यामुळें भाले घेतलेल्या प्राचीन शिपायांनीं पोलादी युद्धनौका बुडविल्याचे चमत्कार घडूं लागले, आणि खेळणाऱ्यांत तो थट्टेचा विषय झाला. १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत एका झुंजीचे अनेक लहान लहान फटके केले. फटके अनेक झाले म्हणजे दैवाचे चढउतार एकमेकांत जिरतात आणि बलिष्ठ बहुधा जिंकतो.

आतां समुद्रावर येऊं. गुराब आणि गलबत हे मराठी आरमाराचे दोन मुख्य मोहरे. आज आपण कोणत्याहि जहाजास गलबत म्हणतों. त्या काळीं गलबत म्हणजे वल्ह्यांवर चालणारी चपळ लढाऊ नौका. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें आंग्र्यांच्या आरमाराचें वर्णन करून ठेविलें आहे. गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या. मोठी गुराब सुमारें ३०० टनांची, लहान १५० टनांची. तिच्या नाळेवरून सरळ पुढें मारा करणाऱ्या दोन तोफा असत. गलबत क्वचितच ७० टनांहून मोठें. त्यास चाळीस-पन्नास वल्हीं, आणि वारा नसतांहि तें तासास चार मैल जाई.

एकटी गुराब इंग्रजी जहाजापुढें टिकण्यासारखी नव्हती. एकटें गलबत तर नव्हतेंच. पण वारा पडला म्हणजे गलबतें गुराबांस दोर बांधून ओढीत नेत, तींहि शत्रूच्या पाठीमागच्या बाजूस. मोठ्या जहाजाच्या तोफा बहुतेक कुशींवर असतात, पिछाडीस थोड्या. तेथून गुराबांनीं शिडें आणि डोलकाठ्या फोडाव्या, आणि जहाज पांगळें झालें कीं गलबतांतील माणसांनीं चहूंकडून तलवारी घेऊन वर चढावें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत पांच गुराबा आणि पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा, असें सांगितलें आहे. गुराबा फार थोर किंवा फार लहान न करतां मध्यम कराव्या, असाहि तेथें उपदेश आहे. एकास तीन हें प्रमाण ज्यानें ठरविलें, त्यास मोहऱ्यांचा तोल उत्तम कळत होता, असें मला वाटतें.

खांदेरीची हकीकत मात्र याहून शिकविणारी आहे. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें मायनाक भंडारी यानें बेटावर तटबंदीचें काम सुरू केलें. हें बेट मुंबईच्या दाराशींच. इंग्रजांस तें खपणें शक्य नव्हतें. त्यांनीं नौका पाठविल्या. १९ सप्टेंबर रोजीं लेफ्टनंट थॉर्प हा बेटावर उतरण्याच्या प्रयत्नांत मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ हें मोठें लढाऊ जहाज आणि कांहीं लहान नौका पहाऱ्यास आल्या. १८ ऑक्टोबरच्या सकाळीं दौलतखानाचें सुमारें साठ नौकांचें आरमार त्यांच्यावर चालून आलें. इंग्रजांच्या सगळ्या मिळून आठ नौका. त्यांची ‘डोव्हर’ नांवाची गुराब मराठ्यांनीं पकडली, इतर लहान नौका पांगल्या. पण ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढें मराठी आरमाराचें कांहीं चालेना आणि तें नागोठण्याच्या खाडीकडे परतलें.

संख्येचा नियम सांगतो कीं, हें असें व्हावयास नको होतें. लँचेस्टर या इंग्रज अभियंत्यानें १९१६ सालीं मांडलें कीं, सारेच एकदम मारा करूं शकत असतील तर संख्येचें बळ वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. दुप्पट माणसें म्हणजे चौपट जोर. परंतु यांतली ‘सारेच एकदम’ ही अट महत्त्वाची आहे. लहान तोफांच्या नौका पल्ल्याबाहेर असेपर्यंत त्यांची संख्या केवळ लक्ष्य वाढविते. उघड्या समुद्रांत, चालत्या वाऱ्यावर, तोफांच्या झुंजींत ‘रिव्हेंज’ वरचढ होतें, हें मान्य केलेंच पाहिजे. आपल्याकडे कित्येक लेखक तें सांगावयास संकोचतात. तो संकोच मला अनाठायीं वाटतो.

कारण त्या दिवशींची झुंज इंग्रजांनीं राखली, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली! पहारेकऱ्यांची मोठीं जहाजें वाऱ्याच्या आधीन. उथळ पाण्यांत त्यांचा तळ रुतावयाचा. रात्रीच्या काळोखांत लहान होड्या किनाऱ्यावरून निघत, धान्य, दारूगोळा आणि माणसें बेटावर उतरवून परत जात. त्यांस इंग्रज जहाजाशीं लढावयाचें नव्हतेंच, चुकवावयाचें होतें. नोव्हेंबरांत जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीस आला आणि १६८० च्या जानेवारींत त्यानें उंदेरी बळकाविली. तरीहि खांदेरीचा तट उभाच राहिला. अखेर इंग्रजांनीं आपलीं जहाजें काढून घेतलीं.

नुसत्या झुंजी मोजणाऱ्या खेळांत हा डाव इंग्रजांच्या नांवें लिहिला गेला असता. ज्या खेळांत विजय बेट राखण्यावर ठरतो, तेथें सर्वांत स्वस्त आणि दुबळा मोहरा, म्हणजे धान्याची होडी, हाच निर्णायक ठरला असता. मोहऱ्याचें मोल त्याच्या बळाच्या आंकड्यावर बसवितां येत नाहीं. डाव कशासाठीं चालला आहे तें आधीं ठरवावें लागतें. चांगले रचनाकार हें जाणतात, आणि म्हणून त्यांच्या पटावर नगरें, बंदरें, रसदेच्या वाटा असतात.

हाच तोल कान्होजी आंग्र्यांनीं पुढें राखला. १७२१ सालीं इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले, तेव्हांहि त्यांस हात हलवीत परत जावें लागलें. मोडला तो १७५६ सालीं, विजयदुर्गास. त्या मोहिमेंत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, ही गोष्ट उच्चारतांना आजहि जीभ अडखळते. फेब्रुवारी महिन्यांत ॲडमिरल वॉटसनची प्रचंड जहाजें खाडींत शिरलीं. तुळाजी आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास नांगरून उभें होतें. मागें फिरावयास समुद्र नाहीं, वाऱ्याची वाट पाहावयास वेळ नाहीं. चपळाई हें ज्यांचें सारें बळ, त्या नौका जागच्या जागीं खिळलेल्या. पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर एक गोळा पडला, तें पेटलें, आणि ती आग एकीमागून एक साऱ्या गुराबांस लागली.